मुंग्या आधीच होत्या

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवळात हात जोडूनसुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागत उभी राहायचे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच कशी आहे. ज्याच्यापुढं तोंड काळं व्हायची भीती नाही, त्याच्याचपुढं खरं बोलणारी बाई मी. माझी किंमत तुम्हाला इथंच कळली असेल.

मी आठवीत शाळा सोडली. किनवटकडच्या एका खेड्यातली मी, आईबाप वीटभट्टीवर. एका मावशीच्या ओळखीनं संभाजीनगरला आले, गारखेड्यात, बोरीकर काकांच्या दुकानात. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म. काका कोर्टात क्लार्क होते; निवृत्त झाल्यावर घराच्या खालच्या खोलीत त्यांनी हे दुकान टाकलं. आधी मी तिथं झाडू मारायचे. मग काकांनीच मला शेजारी बसवून कोणतं बोट कुठल्या अक्षरावर ते शिकवलं. दुकानामागची खोली राहायला दिली. जेवण काकूंकडं, वर. माणसं चांगली. मी त्यांची आभारी होते. आजही आहे.

पण हे आभार म्हणजे काय होतं, ते सांगू? तेच माझं खरं काम होतं. टायपिंग नंतर. काकूंनी जुनी साडी दिली — आभारी. काका ओरडले — ओरडले तरी ठेवून घेतलं, म्हणून आभारी. नळाला पाणी आलं तरी मी काकूंकडं असं बघायचे, जसं काही ते त्यांनीच सोडलंय. मान खाली, आवाज बारीक, "हो काका, बरं काका". लोकांना वाटायचं, किती गुणाची पोरगी. आत एकच गोष्ट धडधडत असायची — परत पाठवतील. परत म्हणजे वीटभट्टी. परत म्हणजे मामाचं पोरगं, जे माझ्यासाठी राखून ठेवलं होतं आणि जे सकाळपासून दारू पिऊन झुलत असायचं. एक चूक झाली की किनवटच्या गाडीत बसवतील, एवढंच मला कळायचं. चूक झाली की, बरं का. खोटं बोलले की — असं कधी मनात आलं नाही. खोटं धरतं कोण?

तर कंप्युटर. दुकानातला कंप्युटर म्हणजे म्हातारं माणूस घरात खोकत असतं, तसा होता. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा, कप विसळायचा — मग तो डोळे उघडायचा. पंखा इतका घरघरायचा की गिऱ्हाईक विचारायचं, गिरणी आहे का आत. तेही चाललं असतं. पण मग सरकारी साईट त्याला आत घेईनाशा झाल्या. जुना झालाय म्हणे, चालणार नाही. स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला पोरं यायची, ताटकळायची आणि पलीकडच्या दुकानात निघून जायची. काका तरीही नवा घ्यायला तयार नव्हते. नवा घेणं म्हणजे त्यांच्या लेखी उधळपट्टी. कोणीतरी सांगितलं, पुंडलिकनगरच्या रस्त्याला एक पोरगा कंपन्यांतले वापरलेले कंप्युटर आणून, साफ करून विकतो. तो भागवत.

भागवत वैजापूर तालुक्यातल्या एका गावचा. बाप आणि चुलता मोंढ्यात कांद्याचा व्यापार करायचे, हा तिथून निघून इकडं आला. तिशीचा असेल. एक छोटं शटर, आत चार-दोन फळ्या. तो कंप्युटर स्कूटरवर, चादरीत गुंडाळून घेऊन आला — बाळंतिणीला घरी आणतात तसा, सावकाश, प्रत्येक खड्ड्याला थांबत. जोडून दिला, आमचा जुना बदल्यात घेतला. काकांनी त्याला एक आशाही दाखवली. शेजारी कोचिंग क्लास होता. तिथल्या सरांना पोरांसाठी एकदम पुष्कळ कंप्युटर घ्यायचे होते आणि सर काकांना विचारल्याशिवाय चप्पलसुद्धा घ्यायचे नाहीत. काका म्हणाले, "हा नीट चालू दे, मग सरांना तुझं नाव सांगतो." भागवतचं तोंड असं झालं की त्याला कुठं बघावं कळेना. मग तो माझ्याकडंच बघून म्हणाला, "ताई, काय बी अडचण आली तं फोन करायचा. लाजायचं नाय."

मी त्याला कमी समजायचे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं नुसतं भित्रेपणाचं वाटेल. का कमी समजायचे? त्यानं माझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. तो मला "अहो ताई" म्हणायचा. त्या दुकानात येणारं कुणीच मला अहो म्हणत नव्हतं. "ए पोरी, दोन कॉपी काढ" — असं बोलणाऱ्यांपुढं मी हात बांधून उभी राहायचे, आणि हा अहो म्हणायचा तर मला वाटायचं, याला काही समजत नाही. पाणी दिलं की पँटीला हात पुसून दोन्ही हातांनी पेला घ्यायचा. मला हसू यायचं. मला मान देणारा माणूस मला हलका वाटायचा. कुणाला इतकं सडकं मन असतं? मला होतं.

कंप्युटर आला नवरात्रात. खंडेनवमीला सकाळी काका म्हणाले, "आम्ही वरची पूजा उरकतो, दुकानातली तू कर. तुझ्या हातून होऊ दे." तुम्हाला यात काय वाटेल? काही नाही. मला वाटलं, घरची झाले. काकांनी स्पष्ट सांगितलं होतं — हळदकुंकू लाव, फुलं वाहा, बास. मी हो काका म्हणाले. आणि मग मला वाटलं, बास का? माझ्या हातून होणारी पूजा एवढीशी? आमच्या भट्टीवर मुकादम ट्रॅक्टरची पूजा करायचा, तेव्हा नारळ फोडून त्याचं पाणी बॉनेटवर सगळीकडं शिंपडायचा. पाणी वाया घालवायचं नसतं, यंत्राला द्यायचं असतं, असं तो म्हणायचा. ट्रॅक्टर उभा हादरायचा, सुरूच असायचा — बंद यंत्राची पूजा कशी करणार? मी सगळं तसंच केलं. कंप्युटर चालू केला. तो आडवा, डब्यासारखा, वरच्या बाजूला जाळी. झेंडूची माळ घातली, उदबत्ती लावली. दगडावर नारळ फोडला आणि दोन्ही करवंट्यांतलं पाणी मनोभावे, डोळे मिटून, त्याच्यावर शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच. बारीकसा चट् असा आवाज आला. डोळे उघडले तर पडदा काळा.

हसताय ना? हसा. कंप्युटरला ट्रॅक्टर समजणारी बाई आणि वर रोज लोकांचे फॉर्म भरून देते. मी स्वतःला आतापर्यंत खूप हसून झाले. पण इथपर्यंत मी नुसती मूर्ख होते. मूर्खपणाला काकांनी फार तर शिव्या घातल्या असत्या. हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त किनवटची गाडी दिसली.

मी ओढणीनं डबा पुसला. माळ नीट केली. नारळाचे तुकडे केले, साखर घातली आणि वर घेऊन गेले. काकांनी खोबरं चावत म्हटलं, "वा, गोड निघाला. शुभ आहे." मी मान खाली घालून हसले.

दसऱ्याला दुकान बंद. मी दर थोड्या वेळानं खाली जाऊन बटण दाबत होते. डबा खिडकीतल्या उन्हात सरकवून ठेवला, वाळेल म्हणून. वाळला नाही, मुंग्या आल्या. जाळीतून आत, जाळीतून बाहेर, ओळीनं. मी फुंकर मारली, फडक्यानं झटकल्या. त्या कुठं ऐकतात? गोड त्यांना लांबून कळतं.

दुकान उघडलं, काका खाली आले, आणि मी बारीक आवाजात म्हणाले, "काका, हा चालूच होईना." एवढंच. हे खोटं नव्हतं, बघा. तो चालू होतच नव्हता. खोटं बोलायची माझी रीत अशी होती — आधी खरं बोलायचं, थोडंसं, आणि बाकीचं समोरच्यालाच करू द्यायचं. काकांनी फोन केला. भागवत धावत आला, घामानं भिजलेला. क्लासचे सरही येऊन टेकले होते. त्यांना असल्या ठिकाणी टेकायला आवडायचं. भागवतनं स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तसाच थांबला. आत मुंग्यांचा थर. आंबूस वास. त्यानं बोट लावलं, वास घेतला.

"काका, ह्याच्यात पानी गेलंय," तो म्हणाला. "नारळाचं दिसतंय. पूजेत सांडलं असंल, काय हरकत नाय, मी बघतो..."

बघा, त्यानं हरकत नाय म्हटलं होतं. तो मला ओरडायला आलाच नव्हता. वाट उघडी होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. काका माझ्याकडं वळले. म्हणाले, "काय गं?"

आणि मी म्हणाले, "मी नारळ उंबऱ्यावर फोडला, काका. दोन-चार थेंब इकडं उडाले असतील तर माहीत नाही. पण मुंग्या आधीच होत्या. आणला तेव्हाच होत्या. मी म्हटलं, आपण काय बोलावं."

शेवटचं वाक्य ऐकलंत? आपण काय बोलावं. ते खोट्यातही खोटं होतं. त्या वाक्यानं मी बिचारी झाले, समजूतदार झाले, सगळं गिळून गप्प बसणारी गुणी पोर झाले. ते मी ठरवून म्हटलं नाही, आपोआप आलं — इतकी वर्षं मान खाली घालायचा सराव होता, तो कामाला आला.

पुढचं सगळं काकांनीच केलं. मला फार काही बोलावंच लागलं नाही. "आमची पोरगी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. भागवत म्हणाला, "खोटं नाय म्हनत मी काका, पन हे कंपनीतलं मशीन हाये, एसीत राहिलेलं..." काका म्हणाले, "कुठल्या एसीत? कांद्याच्या चाळीत ठेवलं असशील. गोणीच्या वर चांगले आणि खाली सडके — मोंढ्यातली सवय तुमची जात नाही रे." सर खो खो हसले. म्हणाले, "भागवतराव, बटाटे पण ठेवता का?" आणि मी? मी तोंडावर ओढणी धरून हसले. वीटभट्टीवरची मी, मोंढ्यातल्या माणसाला हसले. त्या खोलीत कधी नव्हे ते माझ्या खाली कुणीतरी उभं होतं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

भागवतनं वाद घातला नाही. झाकण लावलं, स्क्रू एक एक करून घट्ट बसवले, डबा चादरीत गुंडाळला. काकांचे पैसे परत केले, आमचा जुना कंप्युटर आणून देतो म्हणाला.

इथं संपलं असतं तर मी हे तुम्हाला सांगितलंच नसतं. हे तर भीतीपोटी झालं म्हणता येतं. भीतीपोटी माणूस काय करत नाही — मी हे स्वतःलाही पुष्कळ वेळा ऐकवलंय, आणि ऐकताना प्रत्येक वेळी मला माझी शिसारी आली. कारण त्यानंतर एक झालं, आणि तिथं भीती नव्हती. तिथं फक्त मी होते. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जुना कंप्युटर घेऊन आला. काका वर झोपलेले, काकू बाहेर गेलेल्या. दुकानात मी एकटी. त्यानं वायरी जोडल्या, बटण दाबलं, पंखा घरघरायला लागला. मग तो उगीचच टेबल पुसत उभा राहिला. मी कीबोर्ड ओढून टाइप करायला लागले. कंप्युटर अजून उघडला नव्हता. मी काळ्या पडद्यावर टाइप करत होते.

तो म्हणाला, "ताई, एक विचारू? काकांना मी काय सांगनार नाय. झालं ते झालं, माझं काय म्हननं नाय. फक्त मला तेवढं सांगा — मुंग्या खरंच आधी होत्या का? दुकानात अजून लई माल पडलाय तसला. खराब असंल तं मी लोकांना देऊ कसा?"

त्याला काही परत नको होतं. सरांची ऑर्डर नको, काकांपुढं माझी साक्ष नको. त्याला फक्त कळायला हवं होतं, की त्यानं विकलेली वस्तू चांगली होती की नाही. माझं काय जाणार होतं? कुणी ऐकत नव्हतं. "नाही" म्हटलं असतं तर तो गुपचूप निघून गेला असता, आणि माझी खोली, माझं जेवण, सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलं असं नाही. तेव्हाच, टाइप करता करता, लख्ख कळत होतं.

आणि मी त्याच्याकडं न बघता म्हणाले, "होत्या म्हटलं ना? एकदा सांगितलेलं समजत नाही का तुला? मालच सडका तुझा. जा, मोंढ्यात बसून कांदे निवड."

तुला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका मोठ्या माणसाला, मला अहो म्हणणाऱ्या माणसाला, अरेतुरे केलं. काकांचा आवाज काढला मी. तो आवाज माझ्या तोंडात इतका छान बसला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्यानं टेबल पुसायचं फडकं घडी घालून ठेवलं. मग म्हणाला, "बरं झालं ताई, सांगितलं. कुनी सांगत नाय तोंडावर." आणि माझे आभार मानून गेला. आभार! माझेच. मी ज्याच्या जोरावर जगत आले ते नाणं त्यानं माझ्या हातात ठेवलं — फक्त माझं खोटं असायचं, त्याचं नाणं खरं होतं.

मग एकदा भाजी घेऊन त्या रस्त्यानं येत होते. त्यानं दुकानातले सगळे डबे फुटपाथवर काढलेले. चादर अंथरलेली, सगळ्यांची झाकणं उघडी, आणि हा उन्हात उकिडवा बसून रंगाच्या ब्रशनं एकेकाच्या आत, फटीफटीत झाडतोय. शेजारचा चहावाला ओरडला, "काय भागवतराव, उवा काढताय का लेकरांच्या?" लोक हसले. तोही हसला. मी दिसले तसा उठून उभा राहिला, पँटीला हात पुसले आणि म्हणाला, "ताई, अजून तरी एकातबी सापडल्या नाय. बघतोच हाये."

मी म्हणाले, "नीट बघा." चारचौघांत होते ना, म्हणून बघा म्हणाले. आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढं गेले.

सरांनी कंप्युटर दुसरीकडून घेतले. काकांनी गल्लीत सगळ्यांना कांद्याची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. लोकांना ती आवडायची. पुढच्या उन्हाळ्यात भागवतचं शटर बंद दिसलं. माझ्यामुळं बंद पडलं, असं म्हणायला मला आवडलं असतं — त्यातही एक मोठेपणा आहे, कुणाचं तरी दुकान बुडवण्याइतकी मी कुणीतरी आहे असा. खरं म्हणजे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. चहावाला तिथंच होता, रोज दिसायचा. त्याला एक शब्द विचारायला किती लागतं?

काका आता थकलेत. दुकान मीच बघते. शोरूममधून घेतलेला नवा कंप्युटर आहे. कुणी आलं की काका खुर्चीतून सांगतात, ही आमची पोरगी, खोटं बोलणार नाही, एवढ्यावर आम्ही हिला घरच्यासारखं ठेवलं. मी मान खाली घालते. अजूनही तशीच, तितकीच खाली.

आता किनवटला कुणी पाठवणार नाही. मामाच्या पोराचं लग्न होऊन गेलं. भीती कधीच संपलीय. तरी काकांना सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं तुम्हाला म्हणतही नाही.

त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र मला माहीत आहे. डब्यात मुंग्या नव्हत्या. वस्तू चांगली होती. खंडेनवमीच्या सकाळी मी बटण दाबून माळ उचलायला वळले, तेवढ्यात तो सुरूही झाला होता — काही आवाज न करता.